भिंतीकडे तोंड केलेली कडी

त्याला सगळे धाकटा म्हणायचे. केस पांढरे झाले, पुढचे दात गेले, उठता-बसता गुडघे कुरकुरायला लागले, तरी तो आपला धाकटाच. नव्याने ओळख झालेला माणूस जरा गोंधळायचा. या वयात हा कुणाचा धाकटा? मग शेजारचा सुतार, ज्याच्या जिभेला विश्रांती ठाऊक नव्हती, तो हळूच सांगायचा, "याला एक थोरला आहे. पण त्याचा विषय याच्यासमोर काढू नका. हातात हातोडा असतो त्याच्या."

धाकटा लोहार होता. लाकडी पेट्या उचलायला दोन्ही बाजूंना ज्या लोखंडी कड्या लागतात, तेवढ्याच तो घडवायचा. साध्या कड्या बाजारात ढिगाने मिळतात, यंत्रावर केलेल्या, गुळगुळीत, एकीला झाकावं आणि दुसरीला काढावं अशा. त्याची कडी तशी नव्हती. मधे हाताला धरायला पीळ दिलेला, दोन टोकांना पानं, आणि एका पानाआडून मान काढून एका अंगाला झुकलेली कळी. सळई भट्टीत लाल करायची, ऐरणीवर ठोकायची, निवली की पुन्हा भट्टीत. कळीची शेवटची पाकळी उघडेपर्यंत हे चालायचं. घाई केली की पाकळी चिरायची, आळस केला की लोखंड जळायचं.

या कड्यांचा एक नियम होता आणि तो त्यांच्या वडिलांनी घालून दिला होता. पेटीचं कुलूप जिकडे, ती पेटीची पुढची बाजू. दोन्ही कड्यांच्या कळ्या कुलपाकडेच झुकलेल्या हव्यात. ऐकायला सोपं आहे. पण नीट विचार केला तर कळेल की त्यासाठी एक कडी दुसरीच्या बरोबर उलटी घडवावी लागते, डाव्या-उजव्या पायांतल्या चपलांसारखी. फिरवून बसवू म्हटलं तर नक्षी आत जाते आणि कोरी बाजू बाहेर येते. आणि उजव्या हाताने हातोडा मारणाऱ्याच्या ठोक्याने कळी एकाच अंगाला झोकात झुकते. दुसऱ्या अंगाला झुकवायला गेलं की रुसल्यासारखी दिसते. वडील आयुष्यभर त्या रुसलेल्या कळीशी भांडत राहिले.

त्यांचा थोरला मुलगा डावखुरा निघाला. वडिलांनी आधी त्याची भरपूर थट्टा केली, मग फटके दिले, मग नाद सोडला. एक दिवस त्या पोराने कुणी सांगितलेलं नसताना डाव्या हाताने एक कडी घडवली. वडिलांनी ती आपल्या कडीशेजारी ठेवली. दोन्ही कळ्या एकमेकींकडे बघत होत्या. वडील बाहेर जाऊन पायरीवर बसले आणि बऱ्याच वेळाने आत येऊन म्हणाले, "याच्या डाव्या हाताला आजपासून कुणी नावं ठेवायची नाहीत." नावं ठेवणारे तेच होते. तेव्हापासून दादाची डावी कडी, आणि पुढे धाकट्याच्या हातात हातोडा आल्यावर त्याची उजवी. दोन भावांची मिळून एक जोडी. वर्षानुवर्षं हेच चाललं आणि त्यांच्या पेट्यांना तोड नव्हती, हे मी नाही, सुतार सांगायचा. तो उगीच कुणाचं कौतुक करणाऱ्यातला नव्हता.

लहानपणी दोघं भांडले की वडिलांची शिक्षा ठरलेली असायची. ज्याची चूक त्याने भट्टीमागच्या काळ्या भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं. चूक बहुतेक वेळा धाकट्याची असायची. पण वडिलांनी "कुणी केलं?" असं विचारायचा अवकाश, दादा मुकाट्याने जाऊन भिंतीकडे तोंड करायचा. धाकटा मागे उभा राहून त्याला वाकुल्या दाखवायचा. एकदाही त्याने "मी केलं" म्हटलं नाही. लाडावलेला होता, दुसरं काय!

असले हे दोन भाऊ फुटले कसे, तर एका व्यापाऱ्यामुळे. म्हणजे सगळे व्यापाऱ्याचं नाव घेतात. खरं कारण धाकट्याची जीभ होती. व्यापाऱ्याला भरपूर कड्या हव्या होत्या आणि लवकर हव्या होत्या. तो म्हणाला, "दोन्ही एकसारख्या करा ना. पेटीच्या दोन बाजू एका वेळी बघतो कोण?" खरंच कोणी बघत नाही. दादा म्हणाला, "आम्ही बघतो." एवढंच. पण धाकट्याला मोठ्या कामाचं वारं लागलं होतं. तो व्यापाऱ्याकडे बघून हसला आणि म्हणाला, "दादा, तुझ्या डाव्या हाताचे फार लाड झाले. आईने केले, बाबांनी केले. खोट ती खोटच. तुझ्यावाचून काही अडत नाही, दोन्ही कड्या मी एकटा करतो." आणि त्याने तिथल्या तिथे भट्टी फुलवून दोन एकसारख्या कड्या ठोकल्या आणि व्यापाऱ्याच्या पुढ्यात ठेवल्या. ताज्या, अजून धग असलेल्या.

दादाने त्या पाहिल्या. हातोडा खाली ठेवला, कमरेचं कातडं सोडलं, खुंटीला अडकवलं आणि बाहेर गेला. तो ओरडला असता, एक कानफटात मारली असती, तर संध्याकाळी दोघं एका ताटात जेवले असते. पण दादाचा राग आत जाणारा होता. थोड्याच दिवसांत तो वहिनीला घेऊन तिच्या माहेरच्या गावी गेला. बसने अर्धा दिवस लागतो. तिथे त्याने स्वतःची छोटी भट्टी घातली.

व्यापारीही पुढे यंत्राच्या कड्यांकडे वळला. धाकटा एकटा उरला. त्यानंतर त्याच्याकडून निघालेल्या प्रत्येक पेटीला दोन उजव्या कड्या होत्या. एक कळी कुलपाकडे बघणार, दुसरी मागे, भिंतीकडे. कुणा गिऱ्हाइकाच्या कधी लक्षात आलं नाही. कड्या बसवताना सुताराला मात्र दर वेळी दिसायचं. तो काही बोलायचा नाही. त्याच्या दुकानात न बोलता होणारं तेवढं एकच काम होतं.

धाकट्याने उलटी कळी करून बघितली नाही असं नाही. दार लावून पुष्कळदा बघितली. प्रत्येक कळी रुसलेली. मग तो ती पुन्हा भट्टीत टाकायचा आणि दार उघडून, जो कुणी भेटेल त्याच्यावर, उगीच डाफरायचा.

त्याला एकच लेक होती. आई लहानपणीच गेलेली, त्यामुळे भाऊ वेगळे होईपर्यंत तिच्या वेण्या वहिनीने घातल्या होत्या आणि तिला खांद्यावर बसवून दादाने मिरवलं होतं. त्या घरातून दादाचं नाव गेलं, तरी तिच्या तोंडातून गेलं नाही. मोठी झाल्यावर ती मुद्दाम, बाप जेवायला बसला की, "मोठे काका असते तर" अशी सुरुवात करायची. बाप ताटात बघत राहायचा.

तिला दूरच्या शहरात शाळेत नोकरी लागली. जायची तारीख ठरली. धाकटा तोंडाने म्हणाला, "बरं झालं," आणि पाठ फिरवून भाता ओढत बसला.

"बाबा, मला एक पेटी हवी," ती म्हणाली.

"नवी सूटकेस घेतलीस ना?"

"सूटकेस कपड्यांना. पेटी घरासाठी. तिथल्या खोलीत आपलं काहीतरी नको का?"

"सुताराला सांगतो. कड्या करतो मी."

"एक कडी करा," ती म्हणाली. "दुसरी मोठ्या काकांची. मला जोडी हवी, बाबा. दोन एकट्या कड्या नकोत."

धाकटा चिडला, भांडला, दोन दिवस तिच्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी त्याने भट्टी पेटवली आणि एक उजवी कडी घडवायला घेतली. आयुष्यात घडवली नाही अशी. पीळ असा, की बोट फिरवलं तर कुठे अडू नये. कळीची एकेक पाकळी उघडताना त्याचा श्वास थांबायचा. झाली तेव्हा त्याने ती फडक्यात गुंडाळली आणि सुताराच्या हातात दिली. सुतार लाकडासाठी दादाच्या गावाकडे जात असायचा.

"काय सांगू?" सुताराने विचारलं.

"काही नको. नुसती दे."

एक कडी पाठवायची म्हणजे दुसरी मागायची. त्यांच्या कामात याला शब्द लागत नाहीत. इतक्या वर्षांनी धाकट्याने तोंड उघडलं होतं ते असं, लोखंडाने. पुढचे सगळे दिवस त्याचा जीव टांगणीला लागला होता. बसचा भोंगा ऐकला की तो दारात यायचा आणि लेकीने पाहिलं की "काय उकडतंय" म्हणून परत आत जायचा. आपल्याशीच तो जुळवाजुळव करत होता. कडी येईल. मग पेटी पोचवायच्या निमित्ताने लेकीला घेऊन तिकडून जाऊ. दारात उभं राहू. दादा म्हणेल, आलास? आपण म्हणू, आलो. बाकी बोलायचं काय असतं!

सुतार आला. खाली मान घालून त्याने गुंडाळी ऐरणीवर ठेवली. धाकट्याने फडकं सोडलं.

दोन कड्या होत्या. एक त्याची. दुसरी त्याने हातात घेऊन उलटसुलट केली. पीळ एका जागी घट्ट, एका जागी सैल. पानं जाडीभरडी. आणि कळी उजवीकडे झुकलेली. त्याच्या कळीसारखीच, त्याच अंगाला.

दोन्ही एकसारख्या.

त्याला व्यापारी आठवला, ऐरणीवरच्या त्या दोन ताज्या कड्या आठवल्या, आपलं हसणं आठवलं. दादाने सगळं जपून ठेवलं होतं तर. एकसारख्या हव्या होत्या ना तुला? घे. त्यातून ही असली ओबडधोबड, जणू तुझ्यासाठी एवढंही पुष्कळ झालं. धाकट्याने कडी ऐरणीवर आपटली.

"टोमणा मारतोय मला," तो म्हणाला. "माझ्या लेकीच्या पेटीवर टोमणा मारतोय."

"धाकट्या, अरे, तसं नाही," सुतार म्हणाला. "ऐकून तर घे."

"काय ऐकू? तू होतास त्या दिवशी? नव्हतास ना? ही त्या दिवसाची परतफेड आहे."

"अरे, मी शब्द दिलाय, नाहीतर..." सुतार अडखळला. एवढा बडबड्या माणूस, पण आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी दिलेला शब्द पाळत होता. नेमका त्याच दिवशी.

"मग तोंड मिटून ही परत ने," धाकट्याने ती कडी उचलून त्याच्या पिशवीत कोंबली. "सांग त्याला, असली कडी मी भंगारातसुद्धा टाकत नाही. हात चालत नसेल तर हातोडा खाली ठेव म्हणावं."

सुताराचा चेहरा उतरला. त्याने धाकट्याकडे असं पाहिलं, की दुसरा कुणी असता तर थांबवून विचारलं असतं, काय झालं? धाकट्याने विचारलं नाही. लेक आतून धावत आली तोवर सुतार गेलाही होता.

मग धाकट्याने पेटीसाठी दुसरी कडी स्वतःच करायला घेतली. लेक म्हणाली, "राहू द्या. पेटीच नको मला." घरात दोन माणसं आणि दोघांची तोंडं दोन दिशांना. सुताराकडे पेटी तयार होऊन पडली होती, दोन्ही बाजूंना कड्यांची भोकं तशीच उघडी.

लेकीच्या जायला थोडे दिवस उरले असताना एका सकाळी सुतार दारात येऊन उभा राहिला. आत येऊन बसला नाही, पाणी मागितलं नाही, काही बोलला नाही. ते बघूनच धाकट्याने हातातली सांडशी खाली ठेवली.

"दादा गेला," सुतार म्हणाला. "काल."

बसमध्ये लेक त्याच्याशेजारी रडत होती. तो रडला नाही. एकच वाक्य त्याच्या डोक्यात फिरत होतं, हात चालत नसेल तर, हात चालत नसेल तर. पोचले तेव्हा सगळं उरकलं होतं. दादाला शेवटचं बघणंही त्याच्या वाट्याला आलं नाही. वहिनी दारात बसली होती. लेक तिच्या गळ्यात पडली. धाकट्याला तिच्यासमोर उभं राहवेना. तो मागच्या बाजूला, भट्टीत गेला.

दादाची भट्टी कशी असेल ते त्याला न बघताही ठाऊक होतं. डावखुऱ्याची भट्टी म्हणजे सगळं उलटं. हातोडे डावीकडे, सांडश्या उजवीकडे, ऐरणीचं टोक दुसऱ्या बाजूला. लहानपणी ती उलटी मांडणी तो चिडवायला बिघडवून ठेवायचा. इथे मात्र हातोडे उजवीकडे टांगलेले होते. खुंट्या नव्या होत्या. जुन्या खुंट्यांची भोकं डावीकडच्या भिंतीवर तशीच होती. ऐरण फिरवून बसवलेली, तिच्या जुन्या जागेची गोल खूण मातीत अजून दिसत होती. ऐरणीजवळ एक स्टूल. कुठला लोहार बसून काम करतो?

वहिनी मागून आली होती.

"वहिनी, इथे कोण काम करत होतं?"

"हेच," ती म्हणाली. "दुसरं कोण करणार, भावजी?"

"हे सगळं उजव्या हाताचं आहे."

"सुताराने खरंच नाही सांगितलं तर," ती म्हणाली. "गेल्या वर्षी झटका आला त्यांना. डावं अंग गेलं. हात नुसता लोंबायचा. भट्टी बंदच होती. मग तुमची कडी आली."

धाकट्याने ऐरणीला हात टेकला.

"ती कडी दिवसभर उशाशी घेऊन पडले होते. पाकळ्या मोजत होते. संध्याकाळी म्हणाले, उठव मला, धाकट्याने जोडी मागितलीय. मी म्हटलं, अहो, हात कुठाय? तर म्हणाले, एक आहे ना. सुताराला म्हणाले, धाकट्याला तुझ्या तोंडून कळता कामा नये. त्याला वाटेल, दादाची कीव करून जायला हवं. मला तो तसा यायला नको, आपणहून यायला हवा."

"पण सळई कशी धरली? एका हाताने..."

वहिनीने पदर मागे सारून हात पुढे केले. मनगटापासून कोपरापर्यंत ठिणग्यांचे डाग होते, काही जुने, काही अजून ओले.

"सांडशी मी धरली," ती म्हणाली. "मला कुठे येतंय? हलायची माझ्या हातून. हे रागवायचे, मग हसायचे. फार दिवसांनी हसले. कडी झाली तेव्हा म्हणाले, कळी उलटी झालीय, धाकट्याच्या अंगाला गेलीय. पण तो बघेल आणि ओळखेल. लोहार आहे तो. उजव्या हाताचा ठोका बघितला की समजेल, दादाचा डावा गेला. आणि पहिल्या बसने येईल बघ."

धाकट्याने ओळखायला हवं होतं. गावात कुणालाही कळलं नसतं, पण त्याला कळायला हवं होतं. जन्मभर ठोक्यांवरून हात ओळखत आलेला माणूस, आणि सख्ख्या भावाचा हात गेलेला त्याला ओळखू आला नाही. त्याला तिथे टोमणा दिसला, कारण तो जागा होता फक्त स्वतःच्या अपमानाला.

"कडी परत आली तेव्हा..." त्याला पुढे विचारवेना.

"सुतार म्हणाला, धाकट्याला आवडली, फक्त टोकाला जरा खरखरीत आहे, तेवढं घासून मागितलंय." वहिनी कडवट हसली. "यांना कळलं. खोटं बोलता येतं का त्या सुताराला? दुसऱ्या दिवशी पुन्हा भट्टी पेटवायला लावली. म्हणाले, धाकट्याला जोडी हवी, जोडीच देऊ. उजव्या हाताने डावी कळी काढायला बसले. होईना. पुन्हा, पुन्हा. मी म्हणत होते, पुरे आता."

भट्टीच्या राखेत एक सळई होती. तिचं टोक डावीकडे वळलेलं, कळी अजून न उघडलेली. धाकट्याने ती उचलली नाही. तिच्याशेजारी खाली बसला आणि तिथे त्याला रडू फुटलं, म्हाताऱ्या माणसाला शोभत नाही असं, मोठ्याने.

"डॉक्टर म्हणाले, दुसरा झटका येणारच होता," वहिनी म्हणाली. "तुम्ही मनाला लावून घेऊ नका." ती खरंच तसं म्हणाली. तिने शिव्या दिल्या असत्या तर त्याला सोसलं असतं.

निघताना तिने ती परत आलेली कडी त्याच्या हातात ठेवली. कुणीतरी तिचं टोक घासून गुळगुळीत केलं होतं.

लेकीच्या जाण्याच्या आदल्या दिवशी धाकट्याने पेटी घरी आणली. सुतार म्हणाला, "मी बसवतो." धाकटा म्हणाला, "नको." खाली बसून, गुडघे कुरकुरत असताना, त्याने दोन्ही कड्या स्वतःच्या हाताने बसवल्या. घाई केली नाही. लेक शेजारी बसून बघत होती. दोन्ही बसल्यावर ती उठली, पेटीच्या एका बाजूला जाऊन बघून आली, मग दुसऱ्या. त्या घराची लेक होती, तिला लगेच दिसलं.

दादाची ओबडधोबड कडी डावीकडे होती आणि तिची कळी कुलपाकडे बघत होती. उजवीकडे बापाची कडी, आयुष्यातली सगळ्यात सुंदर. तिची कळी मागे वळलेली.

"बाबा, बदला ना यांची जागा," ती म्हणाली. "तुमची इतकी छान झालीय. तीच भिंतीकडे गेली."

धाकटा उठला. पेटीवरून त्याने एकदा फडकं फिरवलं.

"जाऊ दे," तो म्हणाला. "दर वेळी दादाच उभा राहायचा. चूक माझी होती."